चौगुले अण्णा आणि गुंड्याचा विमा

विमा कंपनीला फोन लागला की माणूस आधी हप्ता किती बसेल ते विचारतो. आमचे चौगुले अण्णा विचारतात, "कान कापाय लागतोय काय?"

गेल्या सहा महिन्यांत हा प्रश्न त्यांनी सात कंपन्यांना विचारला आणि सातही वेळा फोन माझा होता. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे. 'मराठीसाठी तीन दाबा' असं पलीकडून आलं की ते फोन हातभर लांब धरून त्याच्याकडे बघत बसतात आणि तोवर पलीकडची बाई कंटाळून निघून जाते. म्हणून माझा फोन, माझी बॅटरी आणि माझी संध्याकाळ. एका कंपनीतल्या मुलीनं अतिशय गोड आवाजात सांगितलं, "सर, कान कापून आकार देणं आपल्या पॉलिसीत बसत नाही. ते कॉस्मेटिकमध्ये येतं." अण्णांनी फोनवर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, पोरगी चांगल्या घरची हाय. पर हिनं अजून मेल्यालं जनावर बघितल्यालं न्हाय."

विमा कुत्र्याचा होता. नाव गुंड्या, जात गावठी. मी आधीच सांगून टाकते, मला कुत्री आवडत नाहीत. मी शाळेत भूगोल शिकवते, दोन वर्षांनी निवृत्त होईन, राधानगरी रोडवरच्या आमच्या कॉलनीत तळमजल्यावर एकटी राहते आणि शाळेतून आल्यावर मला कुणाचाही आवाज नको असतो. अण्णांचं दार माझ्या दारासमोर आहे. त्यामुळे शांतता गेली ती गेलीच.

आता कानाचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर अण्णांविषयी भलताच समज व्हायचा. अण्णांनी तीसेक वर्षं दूध संस्थांसाठी म्हशींच्या विम्याचं काम केलं. विमा उतरला की म्हशीच्या कानात नंबराचा बिल्ला मारायचा. म्हैस मेली की पंचनामा लिहायचा, फोटो काढायचा आणि बिल्ल्यासकट कान कापून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. कान पोचला तर पैसे, नाही पोचला तर नाही. डिकीत कॅमेरा, सुरी आणि मिठाची पुडी घेऊन अण्णा हातकणंगल्यापासून राधानगरीपर्यंत फिरले. त्यांची गाडी गल्लीत शिरली की बायका धडधाकट म्हशीसुद्धा गोठ्यात ओढून घ्यायच्या. पाठीमागं लोक त्यांना 'कानकापे' म्हणत. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना ते हसले नाहीत.

इतकी वर्षं मेलेली जनावरं बघितल्यावर माणसाच्या बोलण्याला एक वळण पडत असावं. मी नवा फ्रीज घ्यायला गेले तेव्हा अण्णांना बरोबर नेलं, ही माझी चूक. दुकानदार बिचारा पाऊण तास फ्रीजचे गुण गात होता. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. मेल्यावर काय, ते बोला." कॉलनीत झाडं लावायचा कार्यक्रम झाला. पाहुणे खड्ड्यात रोप धरून फोटोसाठी उभे होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "रोप मेल्यावर कुणाला गाठायचं, तेवढं नाव लिवून द्या की." वरच्या मजल्यावरच्या बारशाला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले होते. बाळाला पाळण्यात घालताना त्यांनी तोंड उघडलं, तसा मी त्यात पेढा घातला.

विम्याची गोष्ट दिवाळीनंतरच्या रविवारी सुरू झाली. वरच्या मजल्यावर मटणाचा बेत होता आणि कचऱ्याच्या पिशवीतलं एक हाडूक गुंड्यानं अख्खं गिळलं. ते आतड्यात अडकलं. ऑपरेशन झालं, पोटाला टाके पडले, आणि अण्णांची बँकेतली ठेव मोडली. बिल करताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "विमा नव्हता काय काढलेला?" अण्णा तिथंच हसायला लागले. मी बरोबर होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

"आख्ख्या जिल्ह्याच्या म्हसरांचा इमा करत म्हातारा झालो, बाई," रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "आन माझ्याच दारातलं जनावर बिनइम्याचं."

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. कुत्र्याची आठ वर्षं पुरी झाली की नवा विमा बहुतेक कुणी देत नाही. लसीच्या पुस्तकाप्रमाणे गुंड्याची आठ वर्षं एप्रिलच्या शेवटी पुरी होणार होती. म्हणजे हातात सहा महिने. "पुढच्या खेपंला माझ्याच्यानं न्हाय व्हायाचं," अण्णा म्हणाले. ठेव एकच होती, ती गेली होती. पुन्हा काही झालं तर गुंड्याला घरी घेऊन बसायचं आणि बघत राहायचं, एवढंच उरलं होतं.

गुंड्या काकूंचा. आठ वर्षांपूर्वी गटारात पडलेलं हे पिल्लू त्यांनी पदरात गुंडाळून घरी आणलं, तेव्हा अण्णा 'बिनदुधाचं जनावर' म्हणून आठवडाभर त्याच्याकडे बघत नव्हते. दोन वर्षांपूर्वी काकू आठवड्याभराच्या तापानं गेल्या. तेव्हापासून त्या घरात अण्णा आणि गुंड्या. एक मांजर येऊन जाऊन असतं. मुलगी पुण्याला, ती रविवारी फोन करते. सकाळी भाकरी होते ती आधी गुंड्याला, मग अण्णांना. गुंड्याला काही झालं तर त्या घरात बोलायला कुणी राहणार नाही हे मला दिसत होतं, आणि मी कितीही चरफडले तरी रोज संध्याकाळी फोन देत होते तो त्यासाठीच.

तर अण्णांनी कंपन्या तपासायला घेतल्या. पंचनाम्याच्या जुन्या वहीत पानं उरली होती, त्यांवर त्यांनी रकाने पाडले. त्यांत हप्त्याचा रकाना नव्हता. 'उचलला किती वेळात', 'खोटं बोलला का', 'मेल्यावर काय' असे रकाने होते आणि शेवटी शेरा. शेरा सगळीकडे एकच, 'कटाप'.

त्यांची रीत अशी. विक्रीवाल्या माणसानं बोलायला सुरुवात केली की ते मध्येच म्हणायचे, "पावणं, तुम्ही इकणार. तुमच्याशी काय बोलायचं? द्यायच्या वक्ताला जो बोलतोय, तो माणूस द्या की." हा माणूस सहसा मिळायचा नाही. एका कंपनीनं मिळवून द्यायचं कबूल केलं आणि मग पेटीचा तोच तो सूर पंचवीस मिनिटं वाजत राहिला. अण्णा मांडी घालून शांतपणे ऐकत होते. "घेताना दोन रिंगांत उचलला," ते म्हणाले. "द्यायच्या खिडकीवर पेटी वाजतीया. कटाप."

दुसरी एक कंपनी कुत्र्याला घेत होती, मांजराला घेत नव्हती. तिला त्यांनी पंगतीत दुजाभाव केल्याबद्दल काढून टाकलं. मांजराला घेणारी कंपनी मिळाली तर तिथल्या माणसानं विचारलं, "मांजर तुमचंच आहे ना, सर?"

"मांजर कुणाचं असतंय व्हय?" अण्णा म्हणाले.

आणि प्रश्न तसा बरोबरच होता. ते मांजर अण्णांच्याकडे सायबीण, वरच्या मजल्यावर किटी आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यात राणी होतं. मी त्याला नुसतं 'ए' म्हणायचे. फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ त्या मांजराकडे बघत राहिले. "चार घरांत चार नावं," ते म्हणाले. "उद्या हिची वळख कोण पटवणार?" मांजराचा विषय त्यांनी स्वतःच वहीतून काढून टाकला.

मार्चमध्ये एका कंपनीचा माणूस घरी आला. चांगला चाळिशीचा, टाय लावलेला, घामानं भिजलेला. कोल्हापुरात वीज तोडायला आलेल्या माणसालाही आधी चहा विचारतात. अण्णांनी विचारला नाही. माणूस पाणी प्याला आणि फॉर्म भरायला लागला. जात गावठी, वजन अठरा किलो, टाके दिवाळीनंतरचे. मग तो म्हणाला, "काका, उपचाराचं सगळं मिळेल. पण मेल्यानंतरची रक्कम गावठीला कमी बसते. काय आहे, बाजारभाव नाही ना."

अण्णा दोन पावलांवरून म्हशीची किंमत सांगणारा माणूस. दात बघायचे नाहीत, कास चाचपायची नाही, नुसतं बघायचं आणि आकडा सांगायचा. तो बाजारातल्या दलालाच्या आकड्याशी जुळायचा म्हणे. ते गुंड्याकडे बघत उभे राहिले. गुंड्या त्या माणसाच्या बुटाचा वास घेत होता. मला वाटलं आता आकडा येईल.

"जावा तुम्ही," अण्णा म्हणाले.

एप्रिल लागला. माझ्या परीक्षा, पेपर तपासणं, ऊन, आणि वहीत सात वेळा कटाप. शेवटचा आठवडा सरत आला आणि दोन दिवस उरले, तेव्हा माझा तोल गेला. मी त्यांच्या दारात उभी राहून बोलले. म्हटलं, अण्णा, तुम्हाला विमा काढायचा आहे की कंपन्यांचा पंचनामा करायचा आहे? सहा महिने तुम्ही मला कामाला लावलंय. कुठलीतरी एक घ्या. सगळ्या सारख्याच असतात. परवा आठ वर्षं पुरी झाली की मग बसा वही घेऊन. उद्या त्याला काही झालं तर ही वही लावणार आहात का त्याच्या पोटाला?

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. मला ते बोलताबोलताच कळलं.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि स्वतः कॉटवर बसले. मग ते राधानगरीकडच्या एका गावाविषयी बोलायला लागले. एकटी बाई, एक म्हैस. म्हशीचं नाव चंद्री. अण्णा महिन्याला त्या गावच्या डेअरीत जायचे, तेव्हा वाटेत तिच्या दारात पाणी प्यायचे. एकदा पावसात चंद्री फुगून मेली. निरोप आला, अण्णा गेले. बघतात तर कानात बिल्ला नाही. कुठल्या तरी कुंपणात अडकून कान फाटला होता आणि बिल्ला गेला होता.

"नियम सरळ हुता," अण्णा म्हणाले. "बिल्ला न्हाय तर क्लेम न्हाय. मी पंचनामा लिवाय बसलो. ती बाई म्हटली, अण्णा, चंद्रीला तुम्ही वळखत न्हाईसा व्हय? गेल्या पंधरवड्यात तिच्या पाठीवर थाप मारून गेलासा की."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, वळखतोय. आन खाली लिवलं, जनावराची ओळख पटली नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की नियमच तसा होता, तुमची त्यात काय चूक.

"चूक न्हवतीच," ते म्हणाले. "सायबांनी शाबासकी दिली. दुसरा असता तर जुना बिल्ला ठोकून मोकळा झाला असता. मी तसलं कधी केलं न्हाय." मग म्हणाले, "पर वळखत हुतो की वो, बाई."

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं होतं. काकूंनी त्यांचं ताट वाढलं आणि त्या स्वतः न जेवता झोपल्या.

"मी ह्या कंपन्यांत काय बघाय लागलोय?" अण्णा म्हणाले. "द्यायच्या खिडकीवर माझ्यासारखा माणूस बसलाय काय, तेवढंच बघतोय."

"मग?"

"सगळीकडं बसलाय."

मी घरी आले. त्या दिवशी मला पेपर तपासता आले नाहीत. विद्यार्थ्यांनी कृष्णेच्या उपनद्या कुठल्याही लिहिल्या होत्या आणि मी तशाच बरोबर देत गेले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी मी स्वतः फोन लावला. आठवी कंपनी. विक्रीवाल्याला मी अण्णांच्याच शब्दांत सांगितलं की मला देणारा माणूस द्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यानं दिला. माणूस नव्हता, बाई होती, आवाजावरून माझ्याच वयाची. मी फोन अण्णांकडे दिला. त्यांनी कानाचं विचारलं नाही. त्या दिवशी त्यांच्यात तेवढी ताकद नव्हती. ते एवढंच म्हणाले, "बाई, कुत्रं हाय. मेल्यावर काय?"

फोन स्पीकरवर होता. मग ती बाई म्हणाली, "आजारी आहे का हो, काका? काय नाव त्याचं?"

"गुंड्या."

"किती वर्षांचा आहे गुंड्या?"

फोन माझ्या हातात देऊन अण्णा म्हणाले, "ही घ्या."

"अहो, पण हप्ता? अटी?"

"ऱ्हाऊ द्या. भरा फॉर्म."

वहीत त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं ते मी वाकून बघितलं. 'नाव इचारलं' असं होतं.

फॉर्म संगणकावर भरायचा होता आणि मराठीतही होता. माझा लॅपटॉप अण्णांच्या कॉटवर उशीवर ठेवून मी भरायला घेतला. वर पंखा फिरत होता आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. लसीचं पुस्तक, डॉक्टरांचं पत्र, फोटो, सगळं चढवलं. मेल्यावर किती तासांत कळवायचं ते कलम आलं. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. सगळे रकाने भरून झाले आणि एकच उरला, 'प्राण्याच्या ओळखीच्या खुणा'. मी लिहिलं, रंग तांबूस, उंची मध्यम.

"एवढंच?" अण्णा म्हणाले.

"एवढं पुरतं, अण्णा."

"न्हाय पुरत. मला इचारा. लिवा. डावा कान निम्मा पडल्याला, उजवा उभा."

मी लिहिलं.

"शेपटीचं टोक पांढरं. पोटाला टाक्यांचा वळ. कुकरची शिट्टी झाली की बाथरूमात जाऊन बसतोय."

"अण्णा, असलं त्यांना नको असतं."

"असू द्या. पाण्याला भीत न्हाय, टावेलाला भितोय. भाकरीचा पयला तुकडा तोंडात धरून कोपऱ्यात न्हेतोय, मग खातोय. लिवा की. उद्या कोण म्हणंल वळख पटली न्हाय, त्येनं हे वाचून म्हणावं."

मी लिहीत गेले. रकान्याखाली किती अक्षरं उरली ते दिसत होतं आणि ती भराभर संपत होती. अण्णा थांबले. मला वाटलं झालं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमाल परत नीट घडी करून ठेवला.

"आन कुणी मालन म्हटलं की दाराकडं बघतोय," ते म्हणाले.

अकरा वर्षं मी समोरच्या दारात राहते. काकूंचं नाव मालन हे मला ठाऊक होतं, कारण त्यांची भिशीतली मैत्रीण रोज संध्याकाळी फाटकातून तशी हाक मारायची आणि दोघी गुंड्याला घेऊन फिरायला जायच्या. अण्णांच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ते 'ही' म्हणायचे, 'घरात' म्हणायचे. काकू गेल्यावर 'गुंड्याची मालकीण' म्हणायला लागले. त्यांच्या पिढीतले नवरे बायकोचं नाव घेत नाहीत, उखाण्यात घेतलं असेल तर तेवढंच.

"आता कुठं कोण हाक मारतंय, अण्णा?" मी म्हटलं. "तुम्हाला कसं ठाऊक, बघतो ते?"

"मीच म्हणून बघतोय की," ते म्हणाले. "रोज सांजचं एकदा."

कॉटखाली गुंड्यानं मान वर केली होती आणि तो दाराकडे बघत होता. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही, ते लॅपटॉपकडे बघत होते.

"बसतंय काय त्येच्यात?" त्यांनी विचारलं.

बसत नव्हतं. बरीच अक्षरं कमी पडत होती. मी रंग पुसला, उंची पुसली, शेपटीचं टोक पुसलं आणि म्हटलं, "बसतंय."